हौशी खेळाडूने पहिल्या स्पर्धेत केव्हा उतरावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३४, दिवसभर बैठे काम, शाळेत असताना काही वर्षे कराटे, आणि गेले सव्वा वर्ष आठवड्यातून तीनदा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा सराव. प्रशिक्षक म्हणतात की येत्या स्पर्धेत पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे नवख्यांच्या, गटात नाव द्या; तुम्हाला मात्र तयारी अपुरी वाटते आणि त्यापुढचा निळा पट्टा मिळेपर्यंत थांबावे असे मनात आहे. त्यातच एका मित्राचे म्हणणे असे की जमिनीवरच्या झटापटीत वेळ घालवण्यापेक्षा बॉक्सिंग शिका, खरी कसोटी तिथेच लागते. तेव्हा आता स्पर्धा करावी, थांबावे, की आधी दुसरी कला हाताशी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

मला यात तीन वेगळे प्रश्न दिसत नाहीत. तयारी नेमकी कशासाठी करायची हे ठरलेले नाही, म्हणून ती कधीच पुरेशी वाटत नाही, ही खरी अडचण आहे. स्पर्धेत माणसाच्या एकंदर लढण्याच्या क्षमतेची परीक्षा होते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एका विशिष्ट नियमावलीत, ठरलेल्या मिनिटांत, साधारण आपल्याच वजनाच्या आणि अनुभवाच्या अनोळखी माणसासमोर आपल्याला काय करता येते, एवढेच तिथे पाहिले जाते. नियमावली बदलली की परीक्षा बदलते, आणि तयार असण्याचा अर्थही बदलतो. मी तरुणपणी ज्युदो खेळलो, पुढे हौशी बॉक्सिंगच्या काही लढती केल्या, आणि आता बरीच वर्षे जिउ-जित्सूचा सराव करतो व नवख्या खेळाडूंच्या कोपऱ्यात, म्हणजे लढतीत बाहेरून सूचना द्यायला, बसतो. व्यावसायिक खेळाडू मी कधीच नव्हतो, त्यामुळे पुढचे सारे विवेचन नोकरी सांभाळून खेळणाऱ्याच्या बाजूने केलेले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हाला भेटल्याशिवाय सांगता येणार नाहीत. मानेची, गुडघ्याची किंवा खांद्याची जुनी दुखापत आहे का, रक्तदाब कसा आहे, पूर्वी कधी डोक्याला मार लागून भोवळ आली होती का, हे डॉक्टरांनी पाहायचे. तुमच्या वर्गातला सराव किती जोरकस असतो, हे तुमच्या प्रशिक्षकांनाच ठाऊक. सव्वा वर्ष म्हणजे फार की थोडे, हेही त्यावरच ठरते. काही ठिकाणी आठवड्यातल्या तिन्ही दिवशी अर्धा तास खरी लढत होते, तर काही ठिकाणी सगळा वेळ डाव दाखवण्यात आणि घोटवण्यात जातो आणि शेवटी पाच मिनिटे उरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्पर्धेच्या दृष्टीने युद्धकलांचे आधी दोन भाग पाडावेत. ज्युदो, कुस्ती, जिउ-जित्सू या पकडीच्या कला. बॉक्सिंग, मुए थाई, तायक्वांदो आणि कराटेचे बहुतेक प्रकार या प्रहाराच्या. पकडीच्या कलांत इजा होण्याआधी थांबण्यास पुष्कळ वाव असतो, हा त्यांच्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा फरक. चीतपट झाली किंवा पंचांनी थांबवले की कुस्ती संपते. जिउ-जित्सूत कोपराचा सांधा ताणला जात आहे किंवा मानेभोवतीची पकड आवळली जात आहे हे कळले की हाताने दोनदा थोपटायचे. लढत तिथेच संपते. हात अडकलेला असेल तर तोंडाने सांगता येते, आणि वेदनेने नुसते ओरडलात तरी पंच ती शरणागतीच मानतात. प्रहाराच्या कलेत ही सोय नाही. ठोसा बसल्यावरच तो बसला हे कळते, आणि तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते.

याचा अर्थ पकडीच्या कला निर्धोक आहेत असा मुळीच नाही. फेकले गेल्यावर हवेत असताना थोपटून काही उपयोग नसतो. म्हणूनच ज्युदोत सुरुवातीचे कितीतरी तास केवळ पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, करवून घेतात. टाच पिरगाळण्याच्या डावात गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा आधी होते आणि वेदना नंतर जाणवते, म्हणून जिउ-जित्सूच्या प्रमुख नियमावलीत पांढऱ्या पट्ट्यासाठी तो डाव निषिद्ध आहे. मनगटाचे डाव आणि उडी मारून प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला पायांची मिठी घालणे यांनाही त्या गटात बंदी आहे. हे सगळे धरूनही असे म्हणता येते की पकडीच्या स्पर्धेत थोड्या अपुऱ्या तयारीने उतरण्याची किंमत बहुधा एक पराभव आणि काही दिवसांची अंगदुखी इतकीच असते. प्रहाराच्या स्पर्धेत त्याच अपुरेपणाची किंमत डोक्याला मोजावी लागते. म्हणून पहिल्या प्रकारात लवकर उतरावे आणि दुसऱ्यात उशिरा, असे माझे मत आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आले.

मित्राच्या म्हणण्यातला खरी कसोटी हा भाग मात्र जरा सोलून पाहण्यासारखा आहे, कारण हौशी खेळाडूंची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. नियमावली केवळ गुण देत नाही. ती शरीराला सवयी लावते. ज्युदोचे उदाहरण घ्या. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान या ज्युदो शाळेची स्थापना केली तेव्हापासून पाय धरून फेकण्याचे डाव त्या कलेत होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने त्यांच्यावर बंदी आली, आणि पाहता पाहता खेळाडूंची उभे राहण्याची ढब बदलली. पायांवर कोणी झडप घालणार नाही हे माहीत असले की माणूस ताठ उभा राहतो आणि सगळे लक्ष कॉलर-बाहीच्या पकडीकडे देतो. असा ज्युदोपटू फ्रीस्टाइल कुस्तीगिरासमोर आला की पहिल्या काही क्षणांतच त्याचा पट निघतो. पण त्याच कुस्तीगिराला ज्युदोचा अंगरखा चढवा. आपलीच बाही आणि आपलीच कॉलर प्रतिस्पर्ध्याची हत्यारे झाली आहेत हे त्याला लवकरच उमगते.

प्रहाराच्या कलांतही तेच. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत ठोशाला १, धडावरच्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण असतात, परंतु संपर्क नियंत्रित ठेवावा लागतो. जास्त जोराने मारले तर दंड होतो. त्यामुळे तो खेळाडू अंतर विजेच्या वेगाने कापतो, पहिला स्पर्श करतो आणि बाहेर पडतो. कराटेच्याच क्योकुशिन परंपरेत हातमोज्यांविना अंगावर पूर्ण ताकदीचे ठोसे चालतात, पण तोंडावर ठोसा चालत नाही. परिणामी ते खेळाडू छातीला छाती लावून उभे राहतात आणि मार सोसण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, मात्र चेहऱ्यासमोरचा बचाव पुष्कळदा ढिला असतो. तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक चिलखत आल्यावर पुढचा पाय हवेत ठेवून चकमक करण्याची शैली फोफावली, कारण यंत्राला डावाचे सौंदर्य नव्हे तर स्पर्श आणि दाब कळतो. केंडोची, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी कलेची, तर तऱ्हाच न्यारी : तिथे गुण मिळाल्यावर हात उंचावून आनंद साजरा केला तर दिलेला गुण काढून घेता येतो. मला ही तरतूद फार आवडते. इतर काही खेळांनी ती उसनी घेतली तर प्रेक्षक म्हणून माझी तक्रार नसेल.

तुम्ही शाळेत शिकलेल्या कराटेचा आज काय उपयोग, याचेही उत्तर यातून मिळते. अंतराचा अंदाज, अनोळखी माणूस अंगावर येत असताना न गोंधळणे, मॅटवर एकटे उभे राहण्याची सवय, हे टिकते. ठोसा लक्ष्यापाशी आवरण्याची सवयही टिकते, आणि बॉक्सिंगमध्ये ती मोडायला वेळ लागतो. जिउ-जित्सूत पाठीवर पडून लढण्यासाठी मात्र त्यातले काहीच कामी येत नाही. कोणतीही कसोटी खरी किंवा खोटी नसते. ती कशाची आहे हे आधी पाहावे लागते.

इथवरचा निष्कर्ष सांगून पुढे जातो : जिउ-जित्सूच्या या स्पर्धेत नाव द्यावे, बॉक्सिंग शिकायला हरकत नाही, पण त्याची लढत ही पुढची आणि वेगळ्या निकषांवर ठरवायची गोष्ट आहे. आता पहिल्या भागाचा तपशील पाहू.

स्पर्धेसाठी तयार आहे असे मी नवख्याला केव्हा म्हणतो? त्याला किती डाव येतात हे मी मोजत नाही. तीन ठिकाणी तो काय करणार हे त्याने मला न अडखळता सांगावे, एवढी माझी अपेक्षा असते : उभे असताना पहिली पकड कोणती घेणार, खाली पाठीवर आलो तर गार्डमधून, म्हणजे समोरच्याला पायांनी अडवून धरण्याच्या स्थितीतून, उलटवण्याचा कोणता एक डाव करणार, आणि वर आलो तर गार्ड ओलांडून कुठे जाऊन थांबणार. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर हवे. दोन पर्याय असले की ताणाखाली माणूस दोघांच्या मध्ये अडकतो. शरण आणण्याचा डाव मी या यादीत मुद्दामच धरत नाही; तो मिळाला तर वरकड समजावा.

यामागे गुणांचे साधे गणित आहे. जिउ-जित्सूच्या त्या प्रमुख नियमावलीत प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे किंवा खालून उलटवून वर येणे याला प्रत्येकी २ गुण, गार्ड ओलांडण्याला ३, आणि माउंट (समोरच्याच्या धडावर स्वार होण्याची स्थिती) किंवा पाठीचा ताबा यांना ४ गुण मिळतात; पण ती स्थिती ३ सेकंद टिकवली तरच. पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची असते. आता नवख्यांच्या लढतीत वारंवार दिसणारे दृश्य असे : खेळाडू कष्टाने माउंटमध्ये पोहोचतो, समोरच्याचा हात मोकळा दिसतो, मोह आवरत नाही, पंचांनी बोटे मोजायच्या आत तो हातावर झेप घेतो, तोल जातो आणि खाली येतो. चार गुणही गेले आणि वरची जागाही गेली. तिथेच छाती टेकवून, गुडघे आवळून, तीनपर्यंत मनात मोजले असते तर लढतीचा रंगच पालटला असता. सरावात आपण ३ सेकंद कधी मोजत नाही, म्हणून स्पर्धेत ते फार लांब वाटतात. तेव्हा पुढचे काही आठवडे सहकाऱ्याला मोठ्याने मोजायला सांगा.

सरावाची रचनाही त्यानुसार बदलावी. नेहमीप्रमाणे मोकळे खेळत बसण्यापेक्षा ठरावीक स्थितीतून सुरुवात करा : तुम्ही २ गुणांनी मागे आहात आणि एकच मिनिट उरले आहे, किंवा तुम्ही पुढे आहात आणि समोरचा जिवाच्या आकांताने उलटवू पाहत आहे. वर्गातल्या ओळखीच्या माणसांच्या सवयी आपल्याला पाठ झालेल्या असतात आणि त्यांना आपल्या. त्यामुळे शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या वर्गात जाऊन, तिथल्या प्रशिक्षकांची परवानगी घेऊन, अनोळखी लोकांशी काही फेऱ्या खेळाव्यात. शेवटच्या आठवड्यात जोर कमी करावा. त्या दिवसांत दमसास फारसा वाढत नाही, दुखापत मात्र हमखास ओढवून घेता येते.

वजनाबद्दल मी जरा कडक आहे. या स्पर्धांत बहुधा लढतीच्या अगदी आधी, गणवेशासह वजन होते आणि एकच संधी मिळते. काटा जराही वर गेला की स्पर्धा न खेळता संपते. अंगरखा, विजार आणि पट्टा मिळून दीड-दोन किलो सहज भरतात. पुरुषांच्या गटांत ७६ किलोनंतरची मर्यादा ८२.३ किलोची आहे. अंगावर ७५ भरणाऱ्याने ७६ च्या गटात बसतो असे समजू नये, त्याची जागा पुढच्या गटात आहे. आणि तिथेच जावे. पाणी तोडून, घाम गाळून खालचा गट गाठण्याची पद्धत व्यावसायिकांकडे पाहून हौशी लोक उचलतात, पण त्यांच्याकडे वजनानंतर सावरायला बराच अवधी असतो, तुमच्याकडे काही मिनिटे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन पातळीवरचे तीन कुस्तीगीर जेमतेम दीड महिन्याच्या आत वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे वजनाचे नियम बदलावे लागले. पदकासाठी नव्हे तर अनुभवासाठी उतरणाऱ्याने नेहमीचे खाऊन-पिऊन ज्या गटात बसतो त्याच गटात खेळावे.

वयाचा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. त्याच नियमावलीत ३० वर्षांपासून पुढे वेगळे वयोगट सुरू होतात आणि तुमच्या गटात ३० ते ३५ चे खेळाडू असतील. विशीतल्या मुलाचा झपाटा तुम्हाला सोसावा लागणार नाही. त्याची दुसरी बाजू अशी की या गटांत नावे थोडी येतात. दोनच लढती जिंकून सुवर्ण, किंवा एकही न जिंकता कांस्य, असेही होते. पदक घरी न्यावे, भिंतीवर लावावे, पण त्यावरून स्वतःचे मोल ठरवू नये.

प्रत्यक्ष पहिल्या लढतीत काय होते ते नीट सांगतो, कारण त्याची कल्पना नसल्यानेच पुष्कळ चांगले खेळाडू गळाठतात. नाव पुकारले जाते, तपासनीस अंगरख्याची बाही आणि नखे पाहतो, तुम्ही मॅटच्या कडेला उभे राहता. तोंड कोरडे पडलेले असते. पंच खूण करतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या कॉलरकडे जातात. वर्गात ज्या पकडीला तुम्ही निम्मी ताकद लावता, तिला इथे सगळी लावता. बोटे कापडात रुतवता, जबडा आवळता आणि श्वास रोखून धरता, यांतले काहीही लक्षात न येता. दीड-दोन मिनिटांत कोपराखालचा हात टणक होतो आणि मूठ उघडेनाशी होते. सलग आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट वाहत नाही, त्यामुळे हा त्रास कितीही व्यायाम केलेल्या माणसाला होतो. समोरच्याचेही तेच झालेले असते, हे मात्र त्या वेळी सुचत नाही.

यावरचा उपाय साधा असून तो बहुतेक जण टाळतात. लढतीच्या वीसएक मिनिटे आधी अंगाला घाम फुटेपर्यंत हालचाल करावी आणि सोबत्याबरोबर दोन मिनिटे खरोखर दम लागेल अशी झटापट करावी. शक्ती संपेल या भीतीने नवखे खुर्चीवर बसून राहतात, आणि मग पहिली लढत हीच त्यांची कसरत ठरते. दुसरी लढत पहिलीपेक्षा बरी का वाटते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. लढतीत पकड घेतली की ती एक तर वापरावी किंवा सोडून नवी घ्यावी, नुसती धरून ठेवू नये. प्रत्येक जोराच्या हालचालीबरोबर श्वास आवाज करून बाहेर सोडावा. आणि कोपऱ्यात बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की मला फक्त उरलेला वेळ, गुण आणि एका वेळी एकच सूचना ऐकू यायला हवी. पाच मित्र पाच डाव ओरडून सांगू लागले की त्यांतला एकही कानात शिरत नाही.

हरलात, तर त्याच संध्याकाळी, चित्रफीत पाहण्याआधी, काय झाले ते आठवून लिहून काढा; मग चित्रफीत पाहा. आपल्याला जिथे हरलो असे वाटते, त्याच्या आधीच कुठेतरी लढत हातची गेलेली असते, हे दोन्ही ताडून पाहिले की कळते. सहसा पहिल्या पकडीपाशीच. जिंकलात तरी हेच करावे, फक्त त्या दिवशी कोणाचे मन लागत नाही.

आता बॉक्सिंग. शिकायला जरूर जा. पायांची ठेवण, कमरेतून येणारा जोर आणि तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांचा दम यांचा लाभ सगळीकडे होतो. पण लढतीची तयारी इथे महिन्यांत मोजू नका. मी एकच गोष्ट आधी पाहतो : समोरून सरळ डावा ठोसा येताना माणसाचे डोळे काय करतात. नवख्याचे डोळे मिटतात, हनुवटी वर जाते, धड मागे कलते आणि दोन्ही हात समोर पसरतात. म्हणजे ज्या क्षणी पाहणे सर्वांत आवश्यक असते त्याच क्षणी तो आंधळा असतो. हळूहळू, हलक्या आणि ठरवून दिलेल्या सरावातून, जिथे एकाने फक्त डावा ठोसा मारायचा आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचा, डोळे उघडे राहू लागतात. हे थकलेल्या अवस्थेत, तिसऱ्या फेरीतही टिकले, की लढतीचा विचार करावा. काहींना यास वर्ष लागते, काहींना दोन, आणि काहींनी केवळ सराव करून आनंद घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

जोरकस स्पारिंगबाबत, म्हणजे सरावातल्या लढतीबाबत, माझा नियम असा की ते क्वचित व्हावे आणि नेहमी जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे. सरावाचे १६ औंसांचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे, जाड हातमोजे आणि शिरस्त्राण घातले की डोके सुरक्षित झाले, हा समज चुकीचा आहे. शिरस्त्राणाने जखमा आणि खरचटणे कमी होते. डोके झटक्यासरशी फिरल्याने मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. वरच्या पातळीवरील पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ साली शिरस्त्राण काढलेही गेले. डोक्याला मार लागल्यावर भोवळ, मळमळ, धूसर दिसणे, प्रकाशाचा त्रास किंवा विचारांत मंदपणा यांतले काहीही जाणवले, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर किंवा रिंगमध्ये जायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे, आणि पुढे पायरीपायरीने परतायचे : आधी एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (रोजच्या हलक्या हालचाली चालतील), मग हलका व्यायाम, मग संपर्काविना सराव, आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच मार देणे-घेणे. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. हाच नियम जिउ-जित्सूत गुडघा डोक्यावर आदळला तरी लागू आहे, आणि तिथे तो अधिक विसरला जातो.

दोन्ही कला एकाच वेळी सुरू करणे तुमच्या दिनक्रमात मला पेलणारे दिसत नाही. आठवड्याला तीन सत्रे मिळत असतील तर स्पर्धेपर्यंत तिन्ही जिउ-जित्सूला द्या. स्पर्धेनंतर त्यांतले एक बॉक्सिंगकडे वळवा आणि काही महिने तसेच चालू द्या. त्वचेवर गजकर्णासारखा गोल चट्टा दिसला तर दोन्ही वर्ग बंद ठेवून उपचार घ्यायचे, हे सांगायला नको. पण दोन ठिकाणी सराव करणारा माणूस एकीकडचा संसर्ग दुसरीकडे नेतो, म्हणून सांगितले. स्पर्धेतही असा चट्टा दिसला तर पंच खेळू देणार नाहीत.

राहिला निळ्या पट्ट्याचा प्रश्न. तो मिळेपर्यंत थांबू नका, असे मी म्हणेन. पांढऱ्या गटात धोकादायक डावांना बंदी आहे आणि समोरच्यालाही तुमच्याइतकीच धडधड होत असते. निळ्या गटात मात्र कालच पट्टा मिळालेला आणि त्याच पट्ट्यावर तीन-चार वर्षे स्पर्धा खेळलेला, असे दोघेही एकाच फळीत असतात. पहिलीच स्पर्धा तिथे करणाऱ्याला डावांबरोबर गर्दी, प्रतीक्षा, वजनकाटा आणि कोरडे तोंड हे सगळे एकदम शिकावे लागते. प्रशिक्षकांना नाव द्यायला सांगा, गट निवडण्याआधी गणवेश घालून वजन करून घ्या, आणि नियमावलीची चालू आवृत्ती स्वतः वाचा, कारण नियम अधूनमधून बदलतात आणि वर्गात सांगितले जाणारे नियम कधीकधी जुने असतात.